इनासमामाची दोन मानांची गिटार

साऱ्या गावाच्या इनासमामाला मी पहिल्यांदा पाहिलं ते देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, बाकाखाली. भाईंदरजवळच्या डोंगरी गावच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि सणाचं आमंत्रण होतं म्हणून देवळात मागे उभा होतो. फादरांचं प्रवचन रंगात आलेलं आणि हा पन्नाशीचा गृहस्थ गुडघ्यांवर. मला वाटलं, केवढी ही भक्ती! तेवढ्यात बाकाखालून किर्र किर्र ऐकू आलं. मामा बाकाचा स्क्रू पिळत होता. काम उरकून तो वर आला, क्रुसाची खूण केली आणि शेजारच्याला म्हणाला, "ढिला हाय, ढिला हाय म्हून सांगून दमलो. शेवटी आपुनच कराचं."

पुढे मी त्याच्याच घरात ओटीवरच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, "ढिला हाय, मास्तर," असं म्हणून दोन्ही काड्यांचे स्क्रू पिळले आणि परत दिला. त्यानंतर तो चष्मा कधी मिटला नाही. मी तो उघडाच उशाशी ठेवत असे. गावातली दारं, खुर्च्या, छत्र्या, कुणाकुणाच्या सायकली, काहीही त्याच्या तावडीतून सुटत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इंग्रजांचं राज्यसुद्धा त्याला ढिलं वाटू लागलं होतं, पण तिथवर त्याचा पेचकस पोचत नव्हता.

आठवडाभर मामा मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात फिटर असे. शनिवारी घरी यायचा. पूर्वी आला की आधी फिडल, म्हणजे व्हायोलिन, काढायचा. गावातल्या लग्नांत फिडल वाजवूनच त्याने रुजायमामीला पटवलं होतं, असं तो स्वतःच सांगे. पण मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी मामीला मोठा ताप आला आणि तापाबरोबर तिचे कानही गेले. पार गेले. मी आल्यावरही मामाने दोनतीनदा फिडल वाजवून पाहिलं. मामी चुलीशी पाठ करून मासळी साफ करत राहिली. "कुनासाठी वाजवू?" असं मला म्हणाला आणि फिडल खिळ्याला अडकवलं. तेवढ्यापुरता तो मला फार म्हातारा दिसला.

लढाई संपली तसा हॉटेलच्या बँडमधला एक गोरा मायदेशी निघाला. त्याची गिटार मामाने स्वस्तात विकत घेतली. भाईंदरहून बैलगाडीतून ती डोंगरीला आली तेव्हा निम्मं गाव अंगणात जमलं. चार पायांवर उभी राहणारी, फळीसारखी आडवी गिटार, आणि तिला तारा ताणलेल्या दोन माना! एक मान एका पट्टीच्या सुरांसाठी, दुसरी दुसऱ्या पट्टीच्या. हातात पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची.

"फिडल काय घेऊन बसलाव?" मामा सगळ्यांना सांगत होता. "ह्याचा भोंगा लावला का हॉटेलाची भिताडं हलतात. भयऱ्यालाबी ऐकू येल!"

गिटार ओटीवर मांडली, मामीला समोर बसवलं. मामाने तार छेडली. डास कानाशी यावा तेवढा आवाज झाला.

"मामा," मी हळूच विचारलं, "ही विजेवर चालते ना?"

"व्हय. भिंतीत भोक असतं, त्यात लावाची."

"आणि आपल्याकडे वीज?"

मामाने वर आढ्याकडे पाहिलं. आढ्याला कंदील टांगला होता. आठवडाभर हॉटेलच्या वायरी ओढणाऱ्या माणसाला, आपल्या गावात अजून वीज आली नाही, एवढंच नेमकं आठवलं नव्हतं. अंगणात हशा पिकला. मामीला काय झालं ते कळेना. सगळे हसताहेत म्हणून तीही हसली.

मामाने हार मानली नाही. "ढिली हाय," त्याने निदान केलं. "घट्ट केली का बोलंल."

खरोखरच ती खिळखिळी झाली होती. मामाने खुंट्यांच्या सैल कड्यांभोवती सिगारेटच्या डब्यातला कागद गुंडाळला. स्क्रूंची भोकं रुंदावली होती, त्यांत काडेपेटीच्या काड्या ठोकून स्क्रू पुन्हा बसवले. पायांचे आटे साफ झिजले होते, म्हणून पाय काढून ठेवले आणि गिटार जेवणाच्या टेबलावर आडवी केली. एवढं करूनही वाजवली की कुठूनतरी झर्र असा आवाज यायचा. शनिवार आला की पलीकडे झर्र आणि अलीकडे मी, पोरांच्या वह्या तपासतोय. चिडून एकदोघांना जरा कमीच मार्क दिले असतील.

एका रविवारी सकाळी मी चहाला आत गेलो होतो. मामा तार छेडत होता, कान लावत होता, शिव्या घालत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हात टेकून मामी कोलंबी सोलत बसली होती. एकाएकी ती मोठ्याने म्हणाली, "ह्यो टेबल काय कुरकुरतोय?"

मामाने खुणेनेच विचारलं, काय?

मामीने हात पदराला पुसला आणि तळवा गिटारीवर ठेवला. मामाने तार छेडली. तळवा लाकडावरून चाचपडत सरकला आणि दुसऱ्या मानेच्या टोकाशी, तारांखालच्या पत्र्यावर थांबला. "हितं."

पत्रा उचलला तर आत एक स्क्रू सुटा. मामाने तो पिळला, पत्रा बसवला, तार छेडली.

"ग्येला," मामी म्हणाली आणि कोलंबीकडे वळणार, तोच मामाने तिचं मनगट धरलं. हात परत गिटारीवर, रिकाम्या मानेवर ठेवला. मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो.

मग त्याने त्यांच्या लग्नातलं गाणं वाजवायला घेतलं, नवऱ्याच्या आंघोळीसाठी बायका विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणायला जाताना म्हणतात ते. एकेका नातलगाच्या नावाचं एकेक कडवं. मला गिटारीचा आवाज जेमतेमच येत होता. मामीचे डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. मामाची कांडी जिथे वळायची तिथेच ओठ वळत होते. त्या ओठांवरूनच मला कळत होतं, नवऱ्याच्या बापाचं कडवं झालं, भावांचं झालं, मावश्यांचं झालं. मामाने कांडी उचलली. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती लपवण्याचा त्याने काहीच प्रयत्न केला नाही.

मामीने हात काढला नाही.

"संपवलात काय?" ती डोळे उघडून, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या आयचं कडवं ऱ्हायलंय. लग्नातबी गाळलेलात."

मामाने नाक पुसलं आणि सासूबाईंचं कडवं वाजवलं.