आधी वायरिंग, मग सैतान

मुलांनो, आमच्या पिपलानीच्या चर्चमधले फादर इनास प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी विजेचा टेस्टर बाळगत. मूळचे वसईचे, म्हणून त्या हिंदी मुलखातही आमच्याशी मराठीत बोलत. बिशपांनी त्यांना भूत उतरवण्याचं रीतसर प्रशिक्षण घ्यायला परदेशी पाठवलं होतं. तिथला म्हणे पहिला धडाच असा, की आधी साधी कारणं शोधा. फादरांनी तो फारच मनावर घेतला. "आधी वायरिंग, मग सैतान!" हे त्यांचं पालुपद.

शेजारच्या तिवारीजींचा फ्रिज कण्हायला लागला, तेव्हा फादर पवित्र पाणी घेऊन धावले आणि फ्रिजच्या पायाखाली पुठ्ठा सरकवून आले.

"भूत भाग गया, फादर?"

"था ही नहीं, तिवारीजी. फर्श टेढ़ा है."

तीन वर्षं झाली, खरं भूत काही मिळेना. "शिकलेलं सगळं विसरून जाईन हो, वहिनी," असं मला अगदी कळवळून सांगत.

मग आमच्याच घरी योग आला. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज चारला दोन कप चहा मांडायच्या. दुसरा कप वारलेल्या सासऱ्यांचा. ते समोरच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसतात, असं त्या सांगत. खुर्ची करकरायचीही. मी घाबरले आणि फादरांना बोलावलं.

फादर इस्त्रीचा झगा घालून आले. खुर्ची उलटीपालटी केली, तिला टेस्टरसुद्धा लावला. काही सापडेना! त्यांचे डोळे चमकले. वही उघडून म्हणाले, "आजी, प्रथम आत्म्याचं नाव लागतं. नावाशिवाय त्याला जा म्हणता येत नाही."

"यांचं नाव? आणि मी घेऊ? बावन्न वर्षांत घेतलं नाही!"

"मग वहिनी, तुम्ही सांगा."

"अहो, सासऱ्यांचं नाव मी कशी घेणार?"

सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "आणि हे गेले, तर मी चहा कुणाबरोबर घ्यायचा, फादर?"

फादरांनी वही मिटली. "नाव नाही, तर विधी नाही. नियम म्हणजे नियम."

मी त्यांना सोडायला दारापर्यंत गेले. दारावर तुमच्या आजोबांची पाटी होती. पूर्ण नाव, मधे वडिलांचं. फादरांनी त्या मधल्या नावावरून हळूच बोट फिरवलं.

"येतानाच वाचलं होतं," ते म्हणाले. "वसईला माझी आई एकटीच असते, वहिनी. तिच्याकडेही चारला कुणी येत असेल, तर बरं."