रानडुकरीण आणि गोगटेकाकांची गोवरी

गोगटेकाका रोज संध्याकाळी सहा वाजता घरामागच्या गवतावर पत्र्याच्या डब्यात एक गोवरी पेटवीत आणि लगेच सात पावले मागे सरकून उभे राहत. कारण त्यांना आगीची भीती वाटे. गोवरी पेटवायची ती रानडुकरांना दूर ठेवण्यासाठी, कारण डुकरांची भीती आगीहूनही मोठी होती.

परदेशातल्या बुकित पंजांग या उपनगराच्या टोकाला आमची एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग होती. मागे गवताचा पट्टा, त्यानंतर सिमेंटचे गटार आणि गटारापलीकडे थेट रान. दोन हजार सालानंतरची ती वर्षे. मी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, नवाच आलेला, आणि शेजारी गोगटेकाका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले विधुर. मुलगा आणि सून बँकेत; ती दोघे सकाळी जात ती अंधार पडल्यावरच परतत. दिवसभर घरात काका आणि त्यांची भीती, असे दोघेच.

"काळजी करू नका," ते पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "पण भीती बाळगा. भीती ही एक शिस्त आहे."

ही शिस्त ते निष्ठेने पाळीत. सरकत्या जिन्यापुढे ते थंड पाण्याचा अंदाज घेणाऱ्यासारखा पाय पुढे करून मागे घेत. लिटल इंडियातल्या पूजासाहित्याच्या दुकानातून आणलेल्या गोवऱ्या तीन पिशव्यांत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एमआरटीच्या रेल्वेत डोळे मिटून बसत. "डोळे कशाला मिटता?" मी एकदा विचारले. "काही लपवून नेतोय, हे नजरेवरून ओळखतात हो!"

गावी उसाच्या फडाभोवती शेण्यांची धग ठेवली की डुकरे फिरकत नाहीत, असे त्यांनी ऐकले होते. इथल्या डुकरांना मात्र ते कोणी सांगितलेले नसावे. एक थोराड डुकरीण चार पिल्लांसह रोज येई, धुराकडे पाहून शिंके आणि गवत उकरू लागे. तो फुत्कार भिंतीतून ऐकू आला की मी खिडकी लावून घेई. काका आपल्या दारातून ओरडत, "कुलकर्णी, आलेत! कडी घाला!"

उघड्यावर जाळ केल्याबद्दल तक्रार होईल, ही माझी स्वतंत्र भीती. परंतु तो चिनी पंचांगातला सातवा महिना होता. घरोघर पत्र्याच्या डब्यांत पितरांसाठी कागद जळत होते. पलीकडच्या मिसेस लिमनी काकांचा डबा पाहून हळुवारपणे विचारले, "अंकल, फॉर वाइफ आह?" कायद्याच्या धाकाने काकांनी मान हलवली. तेव्हापासून त्या रोज डब्याजवळ एक संत्रे ठेवू लागल्या. काका ते खाण्यासही भीत आणि टाकण्यासही. शेवटी संत्री माझ्याकडे येऊ लागली.

मग कोणा रहिवाशाने डुकरांबद्दल वर सरकारात कळवले. एका दुपारी दोन माणसे आली आणि गटाराच्या अलीकडे लोखंडी पिंजरा ठेवून गेली. आत मका आणि फणसाचे गरे, बाहेर पाटी. मला फार हायसे वाटले. "सुटलो, काका," मी म्हणालो. काका पाटी वाचत उभे राहिले.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होतो. डुकरीण आली. एक पिल्लू फणसाच्या वासाने पुढे धावले आणि अर्धे पिंजऱ्यात शिरले. त्याच्या मागोमाग तीही निघाली. एवढ्यात काका दिसले. बनियनवर, दोन्ही हातांत फडक्यांनी धरलेला पेटता डबा, आणि चेहरा घामाने निथळलेला.

"अहो बाई, मागे फिरा!" त्यांचा आवाज चिरकत होता. "आत जाऊ नका! मूल घ्या बाहेर!"

मी दाराच्या कडीवर हात ठेवला. खरे सांगायचे तर तो तिथेच राहिला.

काकांनी डबा पिंजऱ्यावर भिरकावला. निखारे उडाले, पिल्लू किंचाळत मागे उलटले आणि लोखंडी दार धाडकन खाली पडले. आत फक्त फणस होता. डुकरीण काकांवर चालून आली. काका पळाले नाहीत; बहुधा पाय उचललेच नसावेत. हातभर अंतरावर ती थांबली, धुरात शिंकली, आणि पिल्लांना पुढे घालून गटार ओलांडून रानात शिरली.

मी पोहोचलो तेव्हा काका गवतात बसले होते. दात वाजत होते. मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

"सरकारी वस्तूला हात लावला मी. हे अंगाशी येणार, कुलकर्णी."

"काका, तुम्ही तर त्यांनाच हाकलायला धूर करत होता ना?"

"हाकलायला. धरून द्यायला नव्हे." त्यांनी बोटाने पाटीकडे दाखवले. इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ: 'धोका, दूर राहा' असे चार भाषांत लिहिलेले.

"दुपारपासून वाचतोय," ते म्हणाले. "चार भाषा आहेत, पण तिला समजेल अशी एक नाही. दिवसभरात तिच्याशी बोलणारं इथे कोण आहे हो?"