बाण वर असलेली फळी

भूपाल अण्णांच्या कुंपणावरचा एकही बाण खाली वळलेला नाही.

सांगलीतल्या आमच्या आणि त्यांच्या अंगणामधलं हे लाकडी कुंपण. कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रं खोक्यांत बंद करण्यात अण्णांचा जन्म गेला. निवृत्त होताना जुन्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी टेम्पो भरून आणल्या. वरची बाजू दाखवणारे काळे बाण फळ्यांवर अजून आहेत, काहींवर नाजूक मालाची खूण म्हणून काचेच्या पेल्याचं चित्रही.

"भूपाल, कुंपण कुठं पाठवायचंय का?" माझे वडील विचारायचे. ते शाळेत मास्तर होते.

"आवं मास्तर, बाण वर म्हंजे वर. उलटी ठोकली तर आतला माल फुटतोय."

"आतला माल कोण?"

"तुमीच की."

अण्णा जगाकडे फूटपट्टी घेऊन बघतात. चहा चांगला झाला, तर "मापात हाय." कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, तर "मापात न्हवतं." वडील गेले त्या सकाळी ते दारात बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय मापात झालं न्हाई, ताई."

कुंपणात पारिजातकाजवळची एक फळी फार नाठाळ. दर रविवारी ती निखळायचीच. मंदिरातून आले की अण्णा हाक मारायचे, "मास्तर, धरा की जरा." वडील पेपर ठेवून, कुरकुरत, आमच्या बाजूनं फळी धरायचे. अण्णांच्या ओठांत खिळे, त्यामुळे बोलणं दातांमधून. दोन खिळ्यांना तास लागायचा. तेवढ्यात नदीचं पाणी, गुडघे, द्राक्षांचा भाव, सगळं बोलून व्हायचं.

"वाकडी बसतीय, भूपाल."

"तुमचा चष्मा वाकडा हाय."

अण्णांच्या पत्नीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला.

वडील गेल्यावर फळी निखळायची थांबली. माझ्या लक्षात हे उशिरा आलं. त्या दिवसांत सगळंच उशिरा लक्षात येत होतं. एका रविवारी मी कुंपणापलीकडे गेले. अण्णा पायरीवर बसून चहाच्या डब्यातले खिळे दगडावर सरळ करत होते. खिळे सरळच होते.

"अण्णा, ती फळी आता पडत नाही?"

"वारं न्हाई," ते म्हणाले.

वाऱ्यानं आमच्या अंगणात उडून आलेला त्यांचा टॉवेल द्यायला मी आले होते. तो त्यांनी खाली बघतच घेतला.

परतताना ती फळी मी नीट पाहिली. लाकूड ठणठणीत. फक्त वरच्या टोकाला खिळ्यांची भोकंच भोकं, चाळणीसारखी. आणि भोकांभोवती हातोडीच्या नखांचे, खिळा उपसताना उमटतात तसले वळ.

पुढच्या रविवारी मी वडिलांची पक्कड घेतली. दोन्ही खिळे अलगद निघाले. फळी गवतावर आडवी ठेवली आणि हाक मारली, "अण्णा, फळी पडली."

अण्णा आले. फळीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या खिळ्यांकडे.

"एक बी वाकला न्हाई," ते म्हणाले. "वारं शिकलेलं दिसतंय."

त्यांनी खिळे घेतले, ओठांत धरले, आणि दातांमधूनच म्हणाले, "धर. बाण वर."

मी आमच्या बाजूनं फळी धरली. पहिला घाव बसला.

"अण्णा, वाकडी बसतीय."

हातोडी थांबली. मग अण्णांनी तो खिळा उपसला आणि पुन्हा पहिल्यापासून ठोकायला घेतला.