मध्यमंचावरची फुली

गुन्हेगार जवळपास असला की माझं नाक हुळहुळतं. मालवण तालुक्यात असं नाक दुसरं नाही. आई त्याला सर्दी म्हणते. मी बाळा, खाजगी गुप्तहेर. सकाळी वाडीचा रंगमंच झाडूनपुसून आईच्या कोकमाच्या सोलांसाठी वाळवणाच्या चटया अंथरल्या, की पुढचा सगळा दिवस माझा मेंदू गुन्ह्यांना वाहिलेला.

मे महिन्यात आमच्याकडे नाटक होतं. दिग्दर्शक आल्बर्ट सर. संध्याकाळच्या तालमीत ते नटांच्या जागांवर खडूने फुल्या मारत, आणि दुसऱ्या संध्याकाळी फुल्या गायब! यात मरण झालं स्टॅनलीचं. यंदा तो राजा होता. राजाला चष्मा चालत नाही, आणि चष्म्याविना त्याला मध्यमंच सापडत नाही. पांढरी फुली दिसली तरच तो उजेडात उभा राहतो. काल तो थेट विंगेत शिरला आणि मरणाचा प्रवेश प्रॉम्प्टरच्या मांडीवर करून मोकळा झाला.

"आणखी एकदा चुकलास तर राजाचं काम यतीनला," सरांनी बजावलं.

स्टॅनली माझ्याकडे आला. "बाळा, इतकी वर्सा भालो धरून मागे उभो रवलंय. माझ्या बायलेन, वेरोनिकान, माका कधी उजेडात बघूकच नाय. कायव कर रे."

मला भरून आलं. मी लगेच नाट्यशास्त्राचा अभ्यास केला. ग्रीक नट मुखवटे घालायचे, म्हणजे गुन्हेगाराचा चेहरा दिसणार नाही. दशावतारात संहिता नसते, नट जागेवरच बोलतो. तेव्हा फुल्यांचा वैरी दशावतारी महादूच! महादू फोनवर म्हणाला, "मी काल धरून कणकवलीत आसंय." पक्का नट. मग मी यतीनवर पाळत ठेवली. तो दिवसभर झोपला. झोपेचं सोंग एवढं लांबवणारा नट राजाच व्हायला हवा, हे मीही मान्य केलं.

शेवटी सकाळचं घरकाम उरकून मी पडद्याआड दडलो. बघतो तर फुल्या आधीच गेलेल्या! मंचावर माझी आई काशीबाई सोलांना कोकमाचा रस लावत होती.

"हंय कोण इल्लो?" मी विचारलं.

"तू सोडून कोण नाय."

साक्ष निरुपयोगी म्हणून मी सोडून दिली.

रंगीत तालमीच्या दिवशी स्टॅनली हार मानून सरांना मुकुट परत द्यायला निघाला. वाटेत मंचावर टेकला. आईने कारण विचारलं, त्याने फुल्यांचं सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ओला फडका होता.

"मेल्या," ती म्हणाली, "रोज सकाळी पुसतस कोण?"

माझं नाक हुळहुळलं.

आईने रसात बोट बुडवून मध्यमंचावर ठसठशीत लाल फुली काढली. "आता पूस. कोकमाचो डाग तो, तुझ्या बापाशीक जावचो नाय."

सरांनी मला शिक्षा म्हणून स्टॅनलीचा भाला दिला आणि मागच्या कोपऱ्यात माझ्यासाठीही आईकडून एक फुली मारून घेतली.

प्रयोगात स्टॅनली चार पावलं चाचपडला आणि खाली बघून फुलीवर येऊन थांबला. भर उजेडात तो असा मेला की पहिल्या रांगेतली वेरोनिका पदराने डोळे पुसत ओरडली, "तो माझो घोव!"

भाला धरल्यामुळे मला माझे डोळे पुसता आले नाहीत. लोकांना सांगितलं, सर्दी आहे.