गुंडेरावकाकांनी केलेला पोस्टचा पंचनामा

आमच्या काचीगुड्यातल्या गल्लीत राहणारे गुंडेरावकाका मोबाइलचा पंचनामा करतात. गंमत नाही करत मी. ते टेबलावर वर्तमानपत्र अंथरतात, त्यावर मोबाइल उताणा ठेवतात, दोन साक्षीदार बोलावतात आणि फुलस्केप कागदावर लिहायला घेतात : 'सदर यंत्राची काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली. बोटाने वर सरकवले असता खालील मजकूर आढळून आला.' मग मजकूर मोठ्यानं वाचतात, जसाच्या तसा उतरवतात, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची छापील प्रत काढून आणतात आणि पानापानावर आमच्या सह्या घेतात.

मजकूर म्हणजे पुढाऱ्यांनी सोशल मीडियावर मुसलमानांबद्दल ओकलेली गरळ.

साक्षीदारांपैकी एक मी. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, जामबागच्या कॉलेजातून बी.कॉम. आईबापांनी आयुष्यभर अंगठे उठवले. काकांना याचं फार अप्रूप. "पोरी, ग्रॅज्युएट माणसाची सही हलकी नसती," म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू? दुसरे साक्षीदार इस्त्रीवाले नरसिंगलू. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण मोबाइल स्वतः डोळ्यांजवळ धरून पाहिल्याशिवाय ते तेलुगूत सही ठोकत नाहीत.

काका एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी आलेल्या कागदावर शिक्का मारला, नंबर घातला, नोंद केली. एकदा आलेला कागद आलाच नाही असं कुणाच्या बापाला म्हणता येत नाही, हा त्यांचा धर्म. त्यामुळं 'डिलीट' या शब्दानं त्यांचं डोकं फिरतं. "डिलीट म्हणजे काय? फाईल जाळली म्हणा की सरळ! हे लोक सकाळी बोलायलेत, संध्याकाळी पुसायलेत, आणि आपण नुसतं बघायलोत!"

त्या कचेरीत शेजारच्या टेबलावर हमीदसाहेब होते. काका आवक, हमीदसाहेब जावक. एकाच डब्यातून जेवण. काकू चार वर्षांमागं गेल्या, मुलगा श्रीकांत पुण्यात आयटीत, म्हणून काकांचा वरचा मजला रिकामाच. हमीदसाहेबांच्या घरमालकानं घर पाडायला काढलं तेव्हा काका म्हणाले, "वर या की. म्हातारा-म्हातारी तुम्ही, किती जागा लागणार तुम्हाला?" किल्ली दिली. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, खिडक्यांची मापंसुद्धा नेली पडद्यासाठी.

तेवढ्यात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं फेसबुकवर लिहिलं, की मुसलमानाला घर देणारा तो गल्लीचा गद्दार, असल्यांना ओळखून ठेवा. कुणीतरी खाली आमच्या गल्लीचं नाव घातलं. काकांना तोंडावर कुणी काही बोललं नाही. एवढी हिंमत कुठली? पोस्टखाली नुसते टाळ्या वाजवणारे पिवळे हात उगवले, एकामागून एक.

दुसऱ्या दिवशी हमीदसाहेब किल्ली परत करायला आले. "नक्को गुंडेराव. इस उमर में तुमकू कायकू परेशानी?" चहाला थांबले नाहीत. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

काका आत आले आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. त्यांना एवढंच पाहिजे होतं : त्या माणसानं जिथं लिहिलं तिथंच माफी मागायची, म्हणजे हमीदसाहेबांना मान वर करून या गल्लीत येता येईल.

पोलीस ठाण्यात आम्ही चारदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, ऑनलाइन भरा. तिसऱ्यांदा, पोस्टच दिसत नाही. कारण पुढाऱ्यानं ती काढून टाकली होती, आणि अकाउंट हॅक झालं होतं असं वर जाहीर केलं होतं.

माझं रक्त खवळलं. "शिवी देतानाच कसं हॅक होतं हो यांचं अकाउंट?" मी ठाण्यातच ओरडले. "सत्काराचे फोटो टाकताना कधी झालं नाही ते! एका म्हाताऱ्याचं ठरलेलं घर गेलं, आणि हे म्हणणार, शब्दच तर होते! बसमध्ये तिकीट काढलं नाही तर खाली उतरवता तुम्ही माणसाला. आणि याला हार घालता?"

सगळं ठाणं माझ्याकडं बघायला लागलं. काका शांतपणे म्हणाले, "चांगलं बोललीस. लिहून घे, जोडपत्रात लावू."

चौथ्यांदा एक नवीन एस.आय., म्हणजे फौजदार, भेटले. तरुण, सीमेवरच्या आदिलाबादकडचे, म्हणून मराठी बोलणारे. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, तेव्हाच मला बरं वाटलं.

"पण सार, पोस्ट तर डिलीट झाली."

"तुमच्याकडं डिलीट. माझ्याकडं आवक!" काकांनी फाईल पुढं सरकवली.

ते हसले, पण वाचायला लागले. तडकलेली काच वाचली, मजकूर वाचला, तेलुगू सही निरखली. शेवटच्या पानावर टाळ्या वाजवणाऱ्यांची यादी होती. त्यावर पेन्सिल फिरवत ते थांबले. "सार, टाळ्यांचे हात नग बारा लिहिलंय. नावं अकराच आहेत."

मी काकांकडं पाहिलं. या माणसाच्या कागदात चूक? मी सह्या करताना मोजलं नव्हतं, याची लाज वाटली.

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला. माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि बारावं नाव लिहिलं. आधी 'श्रीकांत'. मग मधे, आपल्यात बापाचं नाव येतं त्या जागी, 'गुंडेराव'. तिथं हात जरा थांबला. मग आडनाव.

एस.आय.नी ते नाव वाचलं, खालची तक्रारदाराची सही वाचली, आणि त्यांचा आवाज उतरला. "सार, हे पान काढून टाकू आपण. पुढाऱ्यावरची तक्रार मी घेतो, आत्ता पोच देतो. घरातलं कशाला यात?"

चार खेपा ज्यासाठी घातल्या ते झालं होतं. मी पान काढायला हात पुढं केला. काकांनी त्यावर पंजा ठेवला.

"नको. राहू द्या." पुढं म्हणाले, "त्याची टाळी दिसली त्या दिवशी फोनवर जाब विचारला पोराला. तेव्हापासून उचलतच नाही माझा फोन."

मग टेबलावर पुढं वाकले आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून विचारलं,

"समन्स निघालं तर त्याला इथं यावंच लागतं ना, साहेब?"