गैरहजर येसबा

हेळवी वंशावळ वाचायला आला की त्या घरचे मेलेले पूर्वज आपापल्या नावाला ‘हजर’ म्हणतात, आणि हसूरवाडीत याचं कुणाला नवल वाटत नाही. सुगी संपली की हेळवी बैल घेऊन येतो, सोप्यात बसून चोपडी उघडतो आणि सगळ्यात जुन्या माणसापासून हाका मारत खाली येतो. घरच्यांनी चहा ठेवायचा, सुपात जोंधळे काढायचे आणि मध्ये तोंड घालायचं नाही. पूर्वजही ‘हजर’पलीकडे बोलत नाहीत, तशी पद्धतच नाही.

यंदा मालन चौगुलेच्या घरी मात्र घोडं अडलं. तिचे वडील रंगराव मार्गशीर्षात गेले. मालन त्यांची एकुलती एक. वडिलांचं नाव चोपडीत चढलं की ते ‘हजर’ म्हणणार, आणि तो आवाज तिला पुन्हा ऐकायचा होता. बाकी काही नको होतं. शिवाप्पा हेळव्याने सटवाजीला हाक मारली. सटवाजी हजर होता. मग सटवाजीचा मुलगा येसबा, म्हणजे रंगरावांचा आजा. उत्तर आलं नाही.

“वरचा माणूस गैरहजर असला तर खालचं नाव चढत न्हाई, अक्का,” शिवाप्पा म्हणाला.

“गेल्या खेपेला होते की वो!”

“आता त्यांची हजेरी निपाणीकडं लागतीया. तिकडच्या पावण्यांनी जुनी कागदं काढून नाव लावून घेतलंय. दोन घरांत एकाची हजेरी चालत न्हाई.”

मालन दुसऱ्या दिवशी एसटीने निपाणीकडे गेली. तिकडच्या पावण्यांतले महादेव चौगुले भला माणूस. त्यांनी तिला पाट दिला आणि सगळं न लपवता सांगितलं. येसबा बायको आणि तान्हं पोर टाकून इकडे आला, तंबाखूच्या वखारीत राबला, दुसरा संसार मांडला आणि इथेच म्हातारा झाला. तिच्या घरी तो कामाला गेला आणि परतला नाही, एवढंच सांगत.

“आमी काय बांधून घातलंय व्हय त्यास्नी?” महादेव म्हणाले. “बोलावलं, आलं. ऱ्हायलं.”

त्यांचा हेळवीही तेव्हा आलेला होता, त्याने हाक मारली. येसबा खणखणीत ‘हजर’ म्हणाला. मालनला त्या आवाजाचा राग आला. तरी तिने हात जोडले. “आज्जा, एक दिवस आमच्याकडं येऊन जावा. माझ्या बाबांसाठी.”

संध्याकाळच्या एसटीने ती हसूरवाडीला परतली.

शिवाप्पा अजून गावातच मुक्कामाला होता. त्याने पुन्हा बैठक मांडली. ही शेवटची हाक रिकामी गेली की येसबाचं नाव कटणार आणि खालचे सगळे निराधार होणार, हे त्याने आधीच बजावलं.

“येसबा सटवाजी चौगुले!”

“त्यो न्हाई,” सोप्यातून एका बाईचा आवाज आला. “मी हाय. गोदूबाई. त्याची बायकू.”

शिवाप्पाने चष्मा पुसला. “बाई, बदली माणूस चालत न्हाई. आन् बायकांची नावं चोपडीत घ्यायची रीत न्हाई.”

“बदली कुणाची? पोर मी वाढीवलं. आता त्या पळपुट्याला किती हाका मारतोस?”

“याला साक्ष?”

“आप्पाजी येसबा चौगुले, हजर,” हाक मारायच्या आधीच दुसरा आवाज आला. “आई खरं बोलतीया.”

शिवाप्पाने बराच विचार केला. मुलगा स्वतः सांगतोय म्हटल्यावर हरकत घ्यायला जागा नव्हती. येसबावर रेघ मारून त्याने वर गोदूबाई लिहिलं आणि वाचलं, “गोदूबाईचा आप्पाजी. आप्पाजीचा रंगराव.”

“हजर,” रंगराव म्हणाले. झोपेतून उठल्यासारखा, थोडा बसलेला आवाज होता. त्यांचाच.

मालनला रडू फुटलं. शिवाप्पा लेखणी हातात धरून थांबला.

“अक्का, बायकांचं आता चालतंय. तुमचंबी नाव लावून ठेवू का?”

मालनने पदराने डोळे पुसले.

“लिवा,” ती म्हणाली. “पर हाक इतक्यात मारू नका.”