श्रीमंतांचा ताप आणि माहुताचा ताप

ज्वर देतो आणि ज्वर हरतो त्या श्रीस नमन करून, जैसे पाहिले तैसे लिहिले. शके १९४५, शोभननाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, श्रीमंत हैबतराजे यांस ताप भरला आणि त्याच दिवशी त्यांचा माहूत सुभानजी यासही भरला, आणि दोघांची थंडी एक, खोकला एक, डोळे सारखेच लाल. मग राजवैद्यीण म्हाळसाबाई यांस पाचारिले. जिवाणू मारावयाचे जालीम औषध एकाच रोग्यापुरते उरले होते, कारण दरबारी मंडळी शिंक आली की तेच टोचून घेत, आणि घाट खचल्याने नवे येणे नाही.

दिवाण त्रिंबकपंत बोलिले, "विचार कसला? श्रीमंतांस टोचा."

म्हाळसाबाई बोलिल्या, "आधी रक्त पाहू." मग दोघांची छाती ऐकिली आणि रक्त तपासिले, आणि प्रोकॅल्सिटोनिन म्हणोन जे द्रव्य जिवाणूंचा हल्ला होताच रक्तात चढते आणि विषाणूंपुढे बहुधा खालीच राहते, ते सुभानजीचे आभाळास भिडले होते आणि श्रीमंतांचे जागचे हलले नव्हते.

दिवाणांस क्रोध आला. "माहुतास जिवाणू आणि श्रीमंतांस नुसता विषाणू? ही बेअदबी!"

श्रीमंतही रुष्ट होऊन पुसते जाहले, "आमच्या रक्तात उणे काय?"

"आकडा उणा, महाराज, आणि उणा तेच बरे. आपला ताप आठ दिवसांत आपसूक उतरेल, हे औषध त्यास शिवणार नाही. सुभानजीची छाती मात्र भरली आहे, त्यास उद्या देऊन उपयोग नाही. माझे पद काढणे तर काढावे."

मग श्रीमंत शाल पांघरून स्वये माहुताकडे गेले, आणि तो मुजऱ्यास उठू लागला परंतु उठवेना, आणि धापा टाकीत म्हणाला, "सरकार, हत्तीण सकाळपासून उपाशी आहे, कोणास तरी धाडा."

श्रीमंतांचे डोळे भरले. म्हणाले, "बाई, सुई यास द्या." आणि हत्तिणीस चारा धाडिला.

तिसरे दिवशी सुभानजी पेज मागू लागला, आणि श्रीमंत आठ दिवस नाक पुसत, कण्हत, ऊन पाणी पीत बरे जाहले. मग दिवाणांस ताप आला आणि त्यांनी औषधाचा हट्ट धरिला. घाट तोवर मोकळा जाहला होता, औषध आले होते, परंतु श्रीमंत म्हणाले, "आधी रक्त, पंत." दिवाणांनी रक्त काढावयाची लांबलचक सुई पाहिली आणि "उतरलाच की!" म्हणत वाड्याबाहेर गेले.

सारांश, तापाचे तोंड एक परंतु कुळे दोन. कूळ पुसल्यावाचून औषध देऊ नये. येथे बोरू ठेविला.